तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : आतड्याची सूज आणि ती नवी गोळी

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, आहे. डोंबिवलीहून अंधेरीला कामाला जातो, लोकलमध्ये टॉयलेट नाही म्हणून सकाळी चहासुद्धा न घेता निघतो. स्टिरॉइड कमी केलं की परत रक्त पडायला लागतं. आता डॉक्टरांनी ओझॅनिमॉड नावाची गोळी सुचवलीय, ती स्फिंगोलिपिडच्या सिस्टिमवर काम करते म्हणे. आम्ही नेटवर वाचलं की दूध-अंड्यात स्फिंगोलिपिड असतात, तेव्हापासून आईने त्याचं दोन्ही बंद केलंय. आणि ही गोळी पांढऱ्या पेशी मारून टाकते हे खरं का?

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे आईंना सांगा, अंडं आजच सुरू करा, आणि दुधाने त्याला गॅस-जुलाब होत नसतील तर दूधही. स्फिंगोलिपिड ही आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणातली चरबी आहे, शरीर ती स्वतःच बनवतं, दूध-अंडं बंद केल्याने ती संपत नाही आणि या आजाराची सूजही उतरत नाही. उलट रक्त जाणाऱ्या पोराचं प्रोटीन तेवढं तुटतं. या पेशंटची घरच्यांनी प्रेमापोटी केलेली उपासमार बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता गोळीचं. स्फिंगोलिपिड हे मोठं खानदान आहे. त्यातलं सेरामाइड वाढलं की पेशी मरणाकडे झुकते, आणि त्याच सेरामाइडपासून पुढे बनणारं स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, थोडक्यात एस-१-पी, पेशीला जगायला आणि हलायला लावतं. हे एस-१-पी रक्तात आणि लिम्फमध्ये, म्हणजे अंगभर बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या पातळ द्रवात, भरपूर असतं पण लिम्फ नोडच्या, म्हणजे त्या नळ्यांवरच्या छोट्या गाठींच्या, आत अगदी कमी, आणि सगळी गंमत या फरकातच आहे. लिम्फ नोडमध्ये तयार होऊन बसलेल्या लिम्फोसाइटच्या (ही एक प्रकारची पांढरी पेशी) अंगावर एस-१-पीचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारा खटका, असतो, वड्याच्या वासावर माणूस गाडीकडे वळतो तशी ती पेशी जिकडे एस-१-पी जास्त तिकडे सरकते, बाहेर पडते, रक्तातून फिरत आतड्याच्या अस्तरात पोचते आणि कोलायटिसमध्ये तिथली आग आणखी भडकवते. ओझॅनिमॉड त्या रिसेप्टरला असं चिकटतं की पेशी रिसेप्टर आत ओढून घेते आणि मोडून टाकते, मग तिला बाहेरची दिशाच कळत नाही, ती नोडमध्येच थांबते. म्हणजे पेशी मरत नाही, अडकून राहते. अमेरिकेत ही गोळी कोलायटिससाठी २०२१ मध्ये मंजूर झाली, तशाच जातीची एट्रासिमॉड २०२३ मध्ये.

म्हणून सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट साधारण निम्म्यावर आलेले दिसतील, ते अपेक्षितच आहे. पण मुंबईच्या पावसाळ्यात ताप आला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सीबीसी काढला आणि त्यांना या गोळीची कल्पनाच नसेल तर गोंधळ होणार. तेव्हा गोळीचं नाव मोबाइलमध्ये, पाकिटात, सगळीकडे लिहून ठेवा आणि ताप अंगावर काढू नका, इन्फेक्शनचा धोका वाढतो हे खरं आहे. बंद केल्यावरही आकडा वर यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात.

सुरू करण्याआधी ईसीजी हवाच, कारण तसेच रिसेप्टर हृदयातही आहेत आणि सुरुवातीला ठोके मंदावू शकतात, म्हणूनच डोस पहिल्या ७ दिवसांत पायरीपायरीने वाढवतात. लिव्हरच्या टेस्ट, टीबीची तपासणी आणि कांजिण्या होऊन गेल्यात का हेही बघायचं. डायबेटिस असेल तर डोळ्यांचा पडदा दाखवून घ्या. डिप्रेशनची एखादी गोळी चालू असेल तर ती लपवू नका, काहींशी हिचं पटत नाही. गोळी चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी घ्यायच्या नाहीत.

प्रश्न : आतड्यातले चांगले जंतू पण स्फिंगोलिपिड बनवतात असं ऐकलं. मग रोज वाटीभर दही खाल्लं तर कोलायटिस आटोक्यात येईल का? (लालबाग)

उत्तर : ऐकलंत ते बरोबर आहे, ते जंतू म्हणजे बॅक्टेरॉइड्स, आणि २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात आतड्याची सूज असलेल्या पेशंटच्या शौचात त्यांचे स्फिंगोलिपिड कमी सापडले होते, उंदरांत तर हे जंतू ती चरबी बनवू शकत नसले की आतड्याला सूज यायची. पण बॅक्टेरॉइड्स दह्यात नसतात हो, त्यांना ऑक्सिजन सोसत नाही, दह्यात लॅक्टोबॅसिलस वगैरे असतात. दही पचत असेल तर पोळीबरोबर खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर मेसालामाइन, म्हणजे कोलायटिसची सूज कमी करणारं नेहमीचं औषध, बंद करू नका.