दलदल, जंगल आणि कडप्पा: एस्टोनियातल्या सोप्या वाटा

गेल्या अंकात मी एस्टोनियातल्या लाहेमा नॅशनल पार्कबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, फळ्यांच्या वाटेने दलदलीतून कसं चालता येतं ते. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं पान त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई नमस्कार, मुलगा टॅलिनला आयटीत आहे, जूनमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे जातोय. ह्यांच्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, सपाटीवर तासभर आरामात चालतात पण चढ-उतार नको म्हणतात. मुलगा म्हणतो दलदल बघायला चला. ह्यांना वाटतंय चिखलात पाय रुतेल. जमेल का आम्हाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: जमेल, नक्की जमेल, आणि मी तर म्हणेन की ज्यांना आपल्याकडे गड चढणं आता होत नाही त्यांच्यासाठी इतकं मोकळं चालणं दुसरीकडे मिळणं अवघड आहे. लाहेमा पार्कमध्येच विरू राबा म्हणून जागा आहे, राबा म्हणजे त्यांच्या भाषेत उंचावलेली दलदल. राजधानी टॅलिनपासून पन्नासेक किलोमीटर, नार्वाकडे जाणाऱ्या हायवेवरून लोक्साकडे वळलं की लगेच पार्किंग. दलदलीवरून साधारण ३.५ किलोमीटरची फळ्यांची वाट बांधलेली आहे, चढ जवळजवळ नाहीच, पाय चिखलाला लागत सुद्धा नाही. साधारण मध्यावर एक लाकडी मनोरा आहे. तिथपर्यंत जायचं, बसायचं, त्याच वाटेने परत यायचं, एवढं केलं तरी खूप आहे. पूर्ण फेरी केली तर परतीचा रस्ता जंगलातून येतो आणि सगळं मिळून सहाएक किलोमीटर होतं, ते ह्यांच्या त्या दिवसाच्या गुडघ्यावर सोडा. मनोऱ्याला जिने आहेत, त्यांनी खाली थांबलं तरी काही बिघडत नाही, खालून दिसणारी तळी तितकीच सुंदर आहेत.

सुरुवातीला पाईनचं उंच जंगल लागतं, मग झाडं बुटकी होत जातात आणि एकदम सगळं उघडं होतं. ती बुटकी झाडं रोपं नाहीत हं, माणसाएवढा पाईन शंभर वर्षांचा असू शकतो, खायला काही मिळत नाही म्हणून वाढ खुंटलेली. मधे काळ्या पाण्याची तळी. हातात घेतलं तर पाणी बिनदुधाच्या चहासारखं तपकिरी दिसतं, घाण नाही ती, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा रंग उतरलेला असतो.

जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी गर्दीत जायची घाई करू नका, मुलगा ऑफिसमधून आला की निघा. फक्त संध्याकाळी डास जास्त, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. पाऊस पडून गेला असेल तर फळ्या फार निसरड्या होतात. काही ठिकाणी वर जाळी ठोकलेली असते, सगळीकडे नसते, मी स्वतः एकदा सप्टेंबरमध्ये तिथे गुडघ्यावर पडलेय म्हणून कळकळीने सांगतेय, ह्यांच्यासाठी रबरी टोकाची काठी आणि घट्ट सोलचे बूट घ्या, चपला-सँडल नको. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा, वाटेत टपरी नाही.

वेळ असेल तर त्याच पार्कमध्ये ओआंदूला बीव्हरची वाट आहे, जेमतेम एक किलोमीटर, ओढ्याकाठी. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्याला बांध घालणारा प्राणी. बीव्हर दिसेलच असं नाही पण त्याने कुरतडून पेन्सिलसारखी टोकं केलेली झाडं दिसतात. तिथून आल्त्या हे जुनं कोळ्यांचं गाव जवळ आहे, तिथे समुद्र बघून या.

प्रश्न: ताई, मी टॅलिनला मास्टर्स करतोय, गाडी नाही, बजेट पण टाइट. आम्ही चार मराठी मुलं आहोत. तिकीट किती असतं? आणि फोटोसाठी फळीवरून उतरून थोडं आत गेलं तर चालतं का, बर्फावर चालायला घालतात तसले शूज घालून लोक जाताना व्हिडिओत पाहिलंय. (एक विद्यार्थी, टॅलिन)

उत्तर: तिकीट नाही. बहुतेक वाटा तिथलं सरकारी वनखातं सांभाळतं, आरएमके म्हणतात त्याला, आणि त्यांच्या वाटा, मनोरे, शेकोटीच्या जागा सगळ्यांना फुकट आहेत. टॅलिनहून लोक्साच्या बाजूला बस जातात, परतीची बस आधी बघून ठेव कारण एक चुकली की बराच वेळ थांबावं लागतं. शिवाय तिथे प्रत्येकाला निसर्गात फिरायचा हक्क आहे असं मानतात, म्हणजे जंगलातल्या बेरी, मशरूम खाण्यापुरत्या तोडायला हरकत नसते. क्रॅनबेरी सप्टेंबरमध्ये तयार होते. मशरूम मात्र ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर अजिबात तोंडात घालू नका.

आता फळीवरून उतरण्याचं. नको रे. तू पाहिलेत ते रुंद शूज घालून गाइडबरोबर, ठरलेल्या जागी जातात, ते वेगळं. एकट्याने उतरलास तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तळ्याच्या कडेला जे हिरवं दिसतं ते जमीन नसते, पाण्यावर पसरलेलं शेवाळ असतं. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, पीट म्हणजे न कुजलेल्या वनस्पतींचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे तुझा बूट जेवढा आत जाईल तेवढी शेकडो वर्षं तू दाबलीस, आणि वरचं शेवाळ पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं जातात. आपल्याकडे कासच्या सड्यावर काय झालं ते आठव, सेल्फीसाठी फुलांवर झोपणारी माणसं आणि मग कुंपण. तुला गंमत सांगते, कासच्या ओल्या सड्यावर जी किडे खाणारी दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती असते ना, तिची सख्खी बहीण विरूच्या फळीच्या कडेलाच मिळते, गोल लालसर पानांची, पानावर चिकट थेंब. दोन्हीकडे जमिनीत पोषण नाही म्हणून किडे खायचे, कारण एकच. फळीवर पोटावर झोप आणि तिचा फोटो काढ, उतरायची गरजच पडणार नाही.

आणखी एक, गोचीड. हे मनावर घ्या. एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत गवतात, जंगलात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग आणि मेंदूज्वर होऊ शकतो. गोचिडीतून होणाऱ्या या मेंदूज्वराची वेगळी लस आहे पण ती काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने घ्यायची असते, तुम्ही तिथे राहणार आहात तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. लाइमवर ही लस चालत नाही, म्हणून फिरून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू रोज तपासायची. साप म्हणाल तर अॅडर हा एकच विषारी, घोणशीच्या कुळातला, कधी ऊन खायला फळीवर येतो, थांबायचं, पाय आपटायचे, तो जातो.

प्रश्न: मॅडम, माझी सहावीतली मुलगी विचारते की एस्टोनियाखाली चुनखडीचा दगड आहे असं पुस्तकात आहे, चुनखडीतून तर पाणी झिरपून जातं, मग वर दलदल कशी टिकते? मला उत्तर देता आलं नाही. (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर: तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. चालताना मलाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर कळल्यावर मला ती वाट दुसऱ्यांदा चालावीशी वाटली.

आधी दगड. घरच्या ओट्याला कडप्पा किंवा शहाबादी फरशी असेल तर तिला दाखवा, ती चुनखडीच. त्यावर लिंबू सांडलं आणि पुसायचं राहिलं की पांढरा डाग पडतो ना, कारण आंबटाने चुनखडी विरघळते. उत्तर एस्टोनिया अशाच दगडावर उभा आहे, साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाचा. टॅलिनचा जुना कोट, जुनी घरं त्याचीच, आणि १९९२ मध्ये त्यांनी चुनखडीला राष्ट्रीय दगड ठरवलं. पावसाचं पाणी किंचित आंबट असतं, ते हजारो वर्षं भेगा रुंद करत जातं. टॅलिनच्या दक्षिणेला तुहालाला तर अख्खी नदी जमिनीखाली जाते. तिथे चेटकिणीची विहीर म्हणतात ती आहे, बर्फ वितळून खालच्या नदीला पूर आला की विहिरीतून पाणी उसळून बाहेर येतं. दरवर्षी येतंच असं नाही. जुने लोक म्हणायचे खाली चेटकिणी अंघोळ करतायत आणि एकमेकींना बर्चच्या फांद्यांनी झोडपतायत.

म्हणजे तिची शंका बरोबर आहे, उघड्या चुनखडीवर दलदल टिकत नाही. पण हिमयुगातला बर्फ सरकताना त्याने ठिकठिकाणी चिकण गाळ पसरून ठेवला, तो खोलगट जागांना परातीसारखा तळ झाला आणि पाणी साचलं. सुरुवातीला तिथे खालून चुन्याचं पाणी यायचं, त्यात गवतं, झुडपं भरपूर. ती मरून पाण्यात बुडाली, हवा नाही म्हणून कुजली नाहीत, थरावर थर. एक दिवस थर इतका जाड झाला की वरच्या झाडांची मुळं खालच्या पाण्यापर्यंत पोचेनात. तिथून पुढे फक्त पाऊस. मग आलं स्फॅग्नम नावाचं शेवाळ, ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि पाणी आणखी आंबट करतं, म्हणून तिथे दुसरं फारसं कोणी वाढत नाही. असं ते फुगत फुगत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच झालं. तिला म्हणावं परातीत ओला स्पंज ठेव, पाणी खालून येत नाही, स्पंजनेच धरलंय, तसंच.

बाहेरून दलदलीत शिरताना मोठी झाडं, मग बुटकी, मग उघडं, हा जो क्रम दिसतो तो याचाच आहे, कडेच्या झाडांना अजून खालचं पाणी मिळतं, मधल्यांना नाही.

प्रश्न: आम्हाला सुट्टी डिसेंबरअखेरच मिळते. तेव्हा गेलो तर फुकट जाईल का? (एक जोडपं, डोंबिवली)

उत्तर: नाही जाणार, पण उजेड सहाच तास असतो तेव्हा, सकाळी दहाला वाटेवर असा आणि तीनच्या आत गाडीत बसा. फळ्यांवर बर्फ घट्ट झालेला असतो, बुटांखाली लावायचे काटे तिथल्या दुकानात मिळतात ते आधी घ्या. थंडी कडक असेल तर टॅलिनच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर यागाला धबधबा गोठलेला मिळू शकतो, आठ मीटर उंच. पाणी तिथे चुनखडीच्या कड्यावरूनच पडतं. पार्किंगपासून चार पावलांवर आहे, लहान मूल असलं तरी नेता येईल.