क्लचची मजुरी वाचवताय, आणि दागिन्यांवरचे व्याज?

प्रश्न: तासगाव भागात माझा २०१६ चा सेकंडहँड पिकअप द्राक्ष आणि बेदाण्याच्या भाड्याला चालतो. वय ३६, घरात बायको आणि दोन मुले. चढाला क्लच स्लिप होतो. गॅरेजवाल्याने १६,५०० सांगितले, त्यात मजुरी ५,५००. हातात ११,००० आहेत. जानेवारीत जीवन विमा पॉलिसीचा तिसरा हप्ता, ७२,०००, भरायला सोने तारण ठेवले, १२ टक्क्यांनी. त्यामुळे मित्राला घेऊन क्लच घरीच बदलावा म्हणतो. जमेल का?

उत्तर: जमेल, पण करू नका.

आधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला मिळणारी मोकळी हालचाल, बघा. तो अजिबात नसेल तर नुसत्या ॲडजस्टमेंटनेही काम भागू शकते. तेवढ्याने भागले नाही तर गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागेल, आणि अडचण तिथेच आहे. त्याला गिअरबॉक्स जॅक, पक्क्या फरशीवर मजबूत घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) आणि टॉर्क पाना लागतो. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. प्लेट सेंटरिंग टूलने मध्यावर धरली नाही तर शाफ्ट आत जात नाही. मग बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढण्याचा मोह होतो आणि नव्या प्लेटचा हब वाकतो किंवा हाउसिंगला तडा जातो. जुनी प्लेट तेलकट निघाली तर बहुधा क्रँकचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे ऑइल सील गळते आहे. ते तसेच ठेवले तर नवी प्लेटही जाईल. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर ते लेथवर घासून घ्यावे लागेल.

गॅरेजला एक दिवस लागेल, तुम्हाला तीन. हंगामात खर्च जाऊन दिवसाला २,००० सुटत असतील, तर दोन जादा दिवसांचे ४,००० गेले. उरलेले दीड हजार हत्यारांच्या भाड्यात जातील. गाडी गॅरेजलाच द्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, बिल घ्या, जोडणीआधी सील आणि फ्लायव्हील स्वतः पाहा. कमी पडणारे ५,५०० तीन दिवसांच्या भाड्यातून निघतात. तेवढी सवड गॅरेजवाल्याकडे मागा.

आता तुम्ही न विचारलेले. ७२,००० वर १२ टक्के म्हणजे वर्षाला ८,६४० व्याज. क्लचच्या मजुरीपेक्षा तीन हजारांनी जास्त! आणि हे कशासाठी? तुमच्या पत्रानुसार दहा वर्षे हप्ते भरायचे आणि विसाव्या वर्षी १५ लाख मिळायचे. हा परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. बारा टक्क्यांनी उचलून पावणेपाचला लावणे हा सरळ तोटा आहे. ‘वाहनकर्जासोबत घ्यावीच लागते’ असे बँकेत सांगितले म्हणता. गाडीचा विमा सक्तीचा असतो, ही पॉलिसी नव्हे. कर्जाची अडचण असलेल्या माणसाच्या गळ्यात अशी योजना मारणे मला संतापजनक वाटते. तुमच्या माघारी घराला मिळणारे संरक्षणही हप्त्याच्या दहापट, म्हणजे ७ लाख २० हजार. महिना ३० हजारांत चालणारे घर त्यावर दोन वर्षे चालेल.

क्रम चुकवू नका. आधी ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला साधारण ८ ते १० हजार लागतील. तंबाखू खात असाल तर अर्जात लिहा, लपवलेत तर दावा अडकतो. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचे हप्ते थांबवा.

मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीअंती किती. तीन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर रक्कम बहुधा भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे २ लाख १६ हजारांचे ७५ हजार असते. विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त असू शकते. सरेंडरचे पैसे सात टक्क्यांनी गुंतवले तर सतरा वर्षांत साधारण तिप्पट होतात. सरेंडरच्या रकमेची तिप्पट पेड-अपपेक्षा जास्त भरली तर सरेंडर करा, नाहीतर पेड-अप. तुमची पॉलिसी हप्त्यांच्या प्रमाणात पेड-अप होत असेल तर १५ लाखांच्या तीन-दशांश, साडेचार लाख मिळतील. तसे असेल तर ७५ हजारांसाठी मोडू नका.

पुढच्या हप्त्यासाठी बाजूला पडायचे ते महिना ६,००० मोकळे होतात. पहिल्या दोन महिन्यांत टर्म प्लॅनचा हप्ता भरून टाका, मग सगळे तारणकर्जात. मुद्दल थोडेथोडे भरता येते का ते सोनेतारणवाल्याला आजच विचारा. सव्वा-दीड वर्षात दागिने घरी येतील. त्यानंतर त्यातले २,००० दरमहा फक्त गाडीच्या दुरुस्तीच्या खात्यात टाका. पुढचा खर्च टायरचा असेल.