बोलली तर बरं दिसेल का?

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. लेकीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. तीन वर्षं झाली, ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. पॅकेज वर्षाला 3 लाख 60 हजार. गेल्या महिन्यात तिच्याच कॉलेजचा, तिच्या दोन वर्षं मागचा मुलगा त्याच विभागात लागला, तो 4 लाख 50 हजारांवर. त्याला काम शिकवतेय हीच. आई लिहितात, "रात्री फोनवर रडली. तिचे बाबा म्हणतात, मिळतंय ते काय थोडं आहे, उद्या लग्न झाल्यावर नोकरी राहते की नाही कुणास ठाऊक. मी घरी शिवणकाम करते, ऑफिसातलं मला कळत नाही. तिनं बोलावं का? बोलली तर बरं दिसेल का?"

ताई, नमस्कार.

बोलावं. पण रडू ओसरल्यावर, आणि हातात कागद घेऊन.

ऑफिसातलं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटलेलं नाही. साध्या ब्लाऊजची शिलाई वेगळी, अस्तराच्या ब्लाऊजची वेगळी, गळ्याला नक्षी हवी असेल तर आणखी वेगळी, हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताच ना? तेव्हा "माझ्या घरी अडचण आहे" असं नाही सांगत. काम काय आहे ते सांगता आणि त्याचा दर सांगता. लेकीला साहेबांच्या केबिनमध्ये एवढंच करायचं आहे.

आधी आकडे नीट मांडू, कारण पॅकेज आणि पगार यांत बरंच अंतर असतं. 3 लाख 60 हजार म्हणजे महिन्याला 30 हजार. समजा, बेसिक 15 हजार आहे. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीपोटी धरलेले सव्वासातशेच्या आसपास, हे दोन्ही त्या 30 हजारांतच मोजलेले असतात. मग तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 कापला जातो. हातात येतात साडेपंचवीस हजारांच्या आगेमागे. (महाराष्ट्रात महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर माफ आहे. तुमची लेक त्या रेषेच्या वर असावी, म्हणून 200 रुपये तेही जात असतील.)

आता त्या मुलाचे साडेचार लाख. त्यात कामगिरीवर मिळणारा बोनस धरलाय का? मेडिक्लेम, कॅन्टीन, बस धरलीय का? हे कळल्याशिवाय तुलना करू नये. तिचे बाबा क्रिकेट बघत असतील तर त्यांना हे लगेच कळेल. 2022 च्या ऑक्टोबरात बीसीसीआयनं महिला आणि पुरुषांची मॅच फी सारखी केली: कसोटीला 15 लाख, वन-डेला 6, टी-20 ला 3. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनालाही तीच. पण वार्षिक करार वेगळे राहिले. तेव्हा पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला 7 कोटी होते आणि महिलांच्या वरच्या श्रेणीला 50 लाख. एक ओळ सारखी झाली म्हणून सगळी पावती सारखी होत नाही.

हे सगळं वजा करूनही फरक उरला, आणि माझा अंदाज आहे की उरेल, तर तो टक्केवारीनं भरून निघणार नाही हे तिला कळायला हवं. दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली तरी 3 लाख 60 हजारांचे साडेचार लाख व्हायला तीन वर्षं लागतात. तोवर तो मुलगा काही थांबून राहणार नाही. म्हणून "सर, यंदा जरा चांगलं इन्क्रिमेंट बघा ना" असं म्हणण्यात अर्थ नाही. आकडा सांगायचा. शक्यतो रुपयांत.

आकडा कुठून आणायचा? त्या मुलाकडून नाही. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात तीन वर्षांच्या क्वालिटी इंजिनिअरला काय देतात, हे नोकरीच्या जाहिरातींतून, बॅचच्या ग्रुपवर विचारून आठवडाभरात कळतं. दोन ठिकाणी मुलाखतही देऊन यावी. तिथे आत्ताचा पगार विचारतील. खोटं सांगू नये, पगाराच्या स्लिपा मागतातच. पण लगेच जोडून म्हणावं, "या कामासाठी माझी अपेक्षा इतकी आहे." नाहीतर पहिल्या नोकरीतला कमी पगार पाठीशी लागून पुढच्या नोकरीतही येतो. "लग्नाचा काय विचार?" असंही विचारतील. "कामाच्या वेळा मला जमतील," एवढं उत्तर पुरे.

मग तिच्या कामाचा कागद. किती कस्टमर तक्रारींचे 8डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय मांडणारे अहवाल) तिनं लिहिले, कुठल्या भागाचं रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, ऑडिटला कोण उभं राहिलं, नव्या मुलांना कुणी शिकवलं. मी बारा वर्षं भरती विभागात काढली आहेत. मुली "आम्ही केलं" म्हणतात आणि मुलं "मी केलं" म्हणतात, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. जे तिनं केलं तिथे "मी" म्हणावं.

बोलायची वेळ जानेवारी. एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र हातात पडतं तेव्हा वाटप होऊन गेलेलं असतं. "सर, वर्षभरात मी हे केलं. या कामाला या भागात साधारण इतकं मिळतं. माझी अपेक्षा 4 लाख 80 हजारांची आहे." आणि मग गप्प बसायचं. हेच अवघड असतं. समोरचा दोन क्षण बोलला नाही की आपल्या मुली लगेच "नाही म्हणजे, थोडं कमी चालेल" म्हणून मोकळ्या होतात.

"बजेट नाही" म्हणाले तर "कधी होईल, किती होईल, मेलवर कळवाल का?" असं विचारावं. राजीनाम्याची धमकी, दुसरं ऑफर लेटर हातात असल्याशिवाय, अजिबात नको.

"त्याला घर चालवायचं आहे" असं कुणी म्हणालं, तर मात्र कायद्याची आठवण ठेवावी. समान वेतनाचा 1976 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत आलाय आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर बाई म्हणून कमी देता येत नाही. आणि "परवडत नाही" हे कारणही चालत नाही. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्येच सांगितलं, की हा कायदा मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही. पण कायदा पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवू नये. तो ठेवला की बोलणं एचआरकडून वकिलाकडे जातं, आणि तिला तिथेच काम करायचं आहे.

बरं दिसेल का, याचं खरं उत्तर: काहींना नाही दिसणार. मुलगा बोलला की "हुशार आहे", मुलगी बोलली की "जरा जास्तच बोलते", हे मी पाहिलंय. चार दिवस साहेब तुटक वागतील. ते सोसायची तयारी ठेवूनच जावं. बाबांना माझा नमस्कार सांगा. लग्नानंतर काय व्हायचं ते होईल, पण तीन वर्षं तर तिनं काम केलेलं आहे.

संक्रांतीच्या आधी एका रविवारी तिला घरी बोलवा. तुम्ही साहेब व्हा, ती आकडा सांगेल, तुम्ही "थोडं कमी कर" म्हणा. हे वाक्य तुम्ही दुसऱ्या बाजूनं भरपूर ऐकलंय.

आणि तिच्या पगाराच्या स्लिपेचा फोटो पाठवा, नाव झाकून. हुद्द्याच्या ओळीत काय लिहिलंय ते मला बघायचंय. तिथे अजून "ट्रेनी" असेल, तर पगाराआधी ते बदलून घ्यावं लागेल.