दहा डॉलरच्या जुन्या नोटेत नऊ हजार डॉलर घालू का?

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला, फोटोपण झूम करकरून बघितले. तुम्ही अमेरिकेत एडिसनला, एच-वन-बीवर (नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर), घरात कमावणारे एकटेच, सेव्हिंगमध्ये 31 हजार डॉलर, आणि त्यातले 9 हजार न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावच्या नॅशनल बँकेच्या 1902 सिरीजच्या 10 डॉलरच्या नोटेवर ऑक्शनमध्ये लावायचेत, कारण "शंभर वर्षं जुनी आहे, भाव वाढणारच". आत्ता नका लावू.

नोट सुंदर आहे हो, त्यात वादच नाही. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेचा चेहरा, निळा सील (शिक्का), खाली कॅशियरची शाईची सही अजून स्पष्ट वाचता येते, अशी नोट हातात घ्यावीशी वाटणारच. पण या नोटांना नुसत्या जुनेपणाचे पैसे मिळत नाहीत. 1863 ते 1935 या काळात हजारो नॅशनल बँकांनी सरकारी बाँड तारण ठेवून आपापल्या नावाच्या नोटा काढल्या, त्यामुळे मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेची हीच नोट कितीतरी स्वस्तात मिळते, आणि तुमच्या नोटेला भाव आलाय तो फक्त त्या गावाच्या नावामुळे आणि चार्टर नंबरमुळे (सरकारने बँकेला दिलेल्या परवान्याचा नंबर), म्हणजे त्या बँकेच्या आज किती नोटा शिल्लक आहेत त्यावर. तुम्ही म्हणता तीनच माहितीत आहेत. उद्या कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आठ सापडल्या की संपलं.

आता हिशोब बघा. 9 हजारांत 20 टक्के बायर्स प्रीमियम (बोलीवर ऑक्शन हाउसला द्यायचे जादा पैसे) धरला तर बोली झाली 7,500ची. उद्या अडचणीत विकायला काढली, तेवढीच बोली लागली आणि ऑक्शन हाउसचं 10 टक्के कमिशन गेलं तर हातात 6,750. नुसते पैसे वसूल व्हायला बोली 10 हजारांवर जायला हवी, आणि फायदा झालाच तर कलेक्टिबल (संग्रहाची वस्तू) म्हणून लाँग टर्मलासुद्धा टॅक्स 28 टक्क्यांपर्यंत, इंडेक्स फंडावर बहुतेकांना 15च लागतो. शिवाय होम इन्शुरन्समध्ये नोटा-नाण्यांची लिमिट फार तुटपुंजी असते, ती पॉलिसी काढून वाचा.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. जॉब गेला तर तुमच्याकडे जास्तीत जास्त 60 दिवस, त्यात नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी अर्ज करणारी कंपनी) शोधायचा नाहीतर सामान बांधायचं, आणि तेव्हा घरभाडं, मुलांची शाळा, तिकिटं हे सगळं या 31 हजारांतूनच निघणार. ऑक्शनमध्ये द्यायची म्हटलं तर कॅटलॉग, लिलाव, पेमेंट यातच महिने जातात.

छंद मात्र सोडू नका. 1929 सिरीजची, ब्राऊन सीलवाली छोट्या साइजची एखादी साधी नोट घ्या, दोन-तीनशेच्या आत, ग्रेडिंगच्या होल्डरमधली (तज्ज्ञ कंपनीने तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेली), आणि होल्डरच्या मागे रिस्टोरेशनचा, म्हणजे नोट दुरुस्त केल्याचा, शेरा नाही ना ते आधी बघा. तुमच्या फोटोतल्या नोटेची मधली घडी मला जरा जास्तच सपाट वाटतेय, दाबून काढल्यासारखी, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि मलापण पाठवा.