गेममधली वस्तू कुणी चोरली तर पोलीस तक्रार घेतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: गेममध्ये किंवा मेटाव्हर्समध्ये (अवतार घेऊन वावरायच्या ऑनलाइन जगात) वस्तू चोरीला गेली, कुणी छळ केला, तर पोलिसांत जाता येतं का, की ते जग खोटं म्हणून सोडून द्यायचं?

जाता येतं. सोडून देऊ नका. ‘ते जग खोटं’ हे शब्द मी घरातही ऐकलेत आणि पोलीस ठाण्यातही, म्हणून पुढचं जरा लांबणार आहे.

२०२३ ची गोष्ट. मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि धाकटा भाऊ अकरावीला. मोबाइलवर बंदुकांचा एक गेम तो आठवीपासून खेळायचा, एकाच अकाउंटवर. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती तेव्हा मित्र भेटायचे ते तिथेच. द्राक्षाच्या हंगामात पॅकिंगला जाऊन मिळवलेल्या पैशांतले अकरा हजारांच्या आसपास त्याने त्यात घातले होते. काही वस्तू तर एखाद्या सीझनलाच मिळालेल्या, नंतर पैसे मोजूनही न मिळणाऱ्या. क्लॅनमधल्या (गेममधल्या गटातल्या) एका मुलाने ‘तुझी रँक वर नेऊन देतो’ म्हणून लॉगिन मागितलं, मग ओटीपी मागितला. याने दिला. अर्ध्या तासात ईमेल बदलला, नंबर बदलला, अकाउंट हातचं गेलं. रात्री त्याच मुलाचा मेसेज आला, तीन हजार टाक, परत देतो. भावाने आईच्या फोनवरून तीन हजार पाठवले. लगेच आणखी पाच हजारांची मागणी आली. तेव्हा कुठे त्याने मला झोपेतून उठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. टेबलावरचे हवालदार म्हणाले, “ताई, गेममधली बंदूक चोरीला गेली म्हणून गुन्हा नोंदवू?” शेजारचे दोघे हसले. भाऊ सतरा वर्षांचा, मान खाली घालून उभा. त्याचा तो चेहरा मी विसरलेले नाही. मी आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याची कलमं सांगायला लागले तर मध्येच तोडून म्हणाले, “खरे पैसे किती गेले ते सांगा.” तीन हजार म्हटल्यावर कागद पुढे आला. तीन वर्षांत जमवलेल्या सगळ्याचा उल्लेख अर्जात एका ओळीत झाला, तोही मी अडून बसले म्हणून.

घरी आप्पा. ते वीज मंडळात लाइनमन होते. त्यांचं म्हणणं, “हाताला लागत नाही ती वस्तू चोरीला कशी जाईल?” मी म्हटलं, “आप्पा, तुम्ही जन्मभर वीजचोरांचे आकडे काढलेत. आकडा टाकणारा काय उचलून नेतो?” त्यावर ते जे बोलले ते मला आजही टोचतं. “वीज हाताला लागली की माणूस मरतो. तुझ्या त्या बंदुकीने कोण मेलंय?”

तेव्हा मला उत्तर आलं नाही. आता येतं. शांघायमध्ये २००५ साली माणूस मेला. एका खेळाडूने गेममधली तलवार ओळखीच्या दुसऱ्या खेळाडूला वापरायला दिली, त्याने ती ७,२०० युआनला परस्पर विकून टाकली. पहिला पोलिसांकडे गेला, तर असल्या वस्तूला कायद्याचं संरक्षणच नाही असं सांगून त्याला परत पाठवलं. पुढे त्याने त्या विकणाऱ्याला भोसकून मारलं. त्याला सशर्त स्थगित मृत्युदंड झाला, म्हणजे वागणूक बरी राहिली तर अमलात न येणारा. खुनाची बाजू मी अजिबात घेत नाही. पण ठाण्याच्या टेबलावर हसणं ही किरकोळ बाब नाही, एवढं यातून कळायला हवं.

आणि विजेचं उदाहरण मी हवेतून काढलं नव्हतं, हे मला वर्षभराने समजलं. नेदरलँड्समध्ये १९२१ साली हेग शहरातल्या एका दंतवैद्याने मीटर फिरू न देता वीज वापरली. वीज ही वस्तूच नाही, मग चोरी कसली, असा त्याचा बचाव होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. २००७ मध्ये त्याच देशात लेउवार्डन इथे दोन मुलांनी एका १३ वर्षांच्या मुलाला घरी नेऊन मारलं, चाकूचा धाक दाखवला आणि रूनस्केप या गेममधला त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या अकाउंटवर वळवून घेतला. आरोपीच्या वकिलाचा मुद्दा आमच्या आप्पांचाच: ही वस्तू नाही, नुसता संगणकातला डेटा आहे. ३१ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोरीचा ठपका कायम केला. त्या मुलाने वेळ आणि कष्ट घालून त्या वस्तू मिळवल्या होत्या, त्यांच्यावर ताबा फक्त त्याचा होता आणि तो ताबा त्याच्याकडून हिरावला गेला, हे न्यायालयाने धरलं. शिक्षा १४४ तासांच्या समाजसेवेची. कमी आहे, माझ्या मते मारहाण बघता फारच कमी. पण चोरीला चोरी म्हटलं.

आपल्याकडे वाट जरा वाकडी होती. साठच्या दशकात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात सांगितलं की वीजचोरी ही भारतीय दंड संहितेतली चोरी नव्हे, १९१० चा वीज कायदा तिला चोरी म्हणतो म्हणून ती चोरी. म्हणजे आप्पांनी जे आकडे पकडले त्यांच्यासाठीही वेगळं कलम लिहावं लागलं होतं. दंड संहितेत चोरी व्हायची ती जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या मालमत्तेचीच, आणि तिच्या व्याख्येत ‘मूर्त’, म्हणजे हाताला लागणारी, हा शब्द होता, तिथेच सगळं अडायचं. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम २(२१) मध्ये, तो शब्दच गळलाय. आता ‘प्रत्येक प्रकारची मालमत्ता’ आहे, जमीन आणि जमिनीला जोडलेलं सोडून. माझ्या मते गेममधल्या वस्तूला चोरीचं दार यातून उघडतं.

“अकाउंट तर कंपनीचं असतं, तुमचं काय चोरलं?” हेही तुम्हाला ऐकवतील. ऐकून घेऊ नका. चोरीच्या व्याख्येत मालकी बघत नाहीत, ताबा बघतात. गहाण टाकलेलं स्वतःचंच घड्याळ सावकाराच्या ताब्यातून त्याला न विचारता उचललं तरी ती चोरी, हे उदाहरण दंड संहितेतच छापलेलं होतं.

आता तुमच्या कामाचं. अर्जात ‘बंदूक चोरली’ हे पहिलं वाक्य नको. पासवर्ड आणि ओटीपी वापरून परवानगीशिवाय अकाउंटमध्ये शिरले, तिथून सुरुवात करा: आयटी कायदा कलम ४३ सह ६६, आणि ६६-सी. गोड बोलून ओटीपी काढून घेतला असेल तर ६६-डी आणि न्याय संहितेचं ३१८. परत देण्यासाठी पैसे मागितले असतील तर खंडणीचं ३०८. जपानमध्ये २००८ साली एका बाईंनी गेममधल्या ‘नवऱ्या’चं पात्र त्याचाच पासवर्ड वापरून पुसून टाकलं, तेव्हा पोलिसांनी त्यांना धरलं ते बेकायदा लॉगिनबद्दल. खेळाच्या आत काय झालं हे पटवून देण्यापेक्षा दार कसं फोडलं हे दाखवणं सोपं असतं. त्यानंतर वस्तूंची यादी जोडा, कधी मिळाली, किती पैसे घातले, पावत्या, स्क्रीनशॉट. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तासाभरात फोन करा. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि कोर्टाच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी आहेत.

आमचं काय झालं? यूपीआयच्या मागावर सायबर सेलने मुलगा शोधला, शेजारच्या जिल्ह्यातला, एकोणीस वर्षांचा. तीन हजार परत आले. अकाउंट मात्र त्याने चीट वापरून खेळल्यामुळे कंपनीने कायमचं बंद केलं होतं. पोलिसांचं पत्र जोडून चार मेल केले, प्रत्येक वेळी तोच छापील मजकूर आला. भावाने पुन्हा तो गेम उघडला नाही. आप्पांना मी डच निकाल मराठीत सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “दंतवैद्य होता, आणि बिल भरता येत नव्हतं?” गेमबद्दल त्यांनी काही कबूल केलं नाही. पण ‘खोटी बंदूक’ हे शब्द त्यानंतर घरात निघालेले नाहीत.

छळाबद्दल थोडक्यात. व्हीआरमध्ये (हेडसेट घालून शिरायच्या आभासी जगात) बाईच्या अवताराला कुणी झोंबलं तर न्याय संहितेचं विनयभंगाचं कलम ७४ बसवणं अवघड, कारण त्याला प्रत्यक्ष बळाचा वापर लागतो. शब्द, आवाज, हावभाव यांसाठी कलम ७९ आहे, नको म्हटल्यावरही ऑनलाइन पाठलाग चालू असेल तर ७८. अश्लील मजकूर पाठवला तर आयटी कायद्याचं ६७. मला हे अपुरं वाटतं. हेडसेट घातलेल्या मुलीला बसलेला धक्का खोटा नसतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. खेळाच्या नियमात राहून तुम्हाला मारून तुमचा माल कुणी नेला तर तो खेळ आहे, गुन्हा नाही. चोरीच्या कलमाचा मी काढलेला अर्थ कोर्टात टिकेल असं मला वाटतं, पण नुसतं त्याच्यावर विसंबू नका, आयटी कायद्याची कलमं सोबत हवीतच. अकाउंट तुम्ही कुणाकडून विकत घेतलेलं असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते, ते अर्जात लपवू नका. आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी दंड संहिता लागेल, ‘मूर्त’ या शब्दासकट. तुमची नक्की कधीची आहे ते प्रतिक्रियेत लिहा, त्याप्रमाणे कलमं सांगते.