गाडी ठोकली, आता क्लेम करू की खिशातून भरू? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मागच्या आठवड्यात पाऊस चालू असताना मी मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबले होते आणि मागून रिकाम्या क्रेटची पिकअप येऊन धडकली. मागचा बंपर एका बाजूने फाटला, डिक्कीला खाली पोचा आला, सुदैवाने कुणाला लागलं नाही. पिकअप चालवणारा पोरगा अगदी विशीतला, मार्केट यार्डात माल उतरवून गावाकडे चालला होता, रडायलाच लागला, खिशातले होते नव्हते ते 2,000 रुपये काढून दिले आणि मी घेतले. आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये 16,000 चं एस्टिमेट निघालंय. तिथला ॲडव्हायझर म्हणतो क्लेमच करा, डाव्या दाराचा जुना ओरखडापण यातच बसवून देतो. अंबडचा एक गॅरेजवाला मात्र बंपर रिपेअर, पोचा आणि रंग सगळं मिळून 9,500 म्हणतोय. गाडी साडेचार वर्षांची आहे, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही, आजपर्यंत एकही क्लेम नाही. आणि चूक त्याची असताना माझा बोनस का जावा हे मला कुणी नीट सांगतच नाहीये.
(शिक्षिका, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण त्याच्यावरच सगळे चिडतात आणि चिडणं बरोबरच आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे पुढच्या विम्याच्या हप्त्यातली (प्रीमियममधली) सूट, हा तुम्ही चांगली गाडी चालवता म्हणून मिळत नाही, वर्षभरात विमा कंपनीकडून पैसे घेतले नाहीत म्हणून मिळतो. त्यामुळे उभ्या गाडीला कुणी येऊन ठोकलं तरी तुमच्या पॉलिसीवर क्लेम घेतला की बोनस गेला. कायद्याने त्या पिकअपच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते, थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, पण ती मागायची मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे वकील, तारखा, शाळेला सुट्ट्या. कुणाला लागलं असतं किंवा गाडीचा चुराडा झाला असता तर मीच म्हटलं असतं की जा, पण दहा-पंधरा हजारांसाठी नको.

आता हिशोब करू, आणि हा कागदावर स्वतः करा, ॲडव्हायझरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. 16,000 मध्ये नवीन बंपर 6,000, दोन भागांचा रंग 8,000 आणि पोचा काढणं-फिटिंगची मजुरी 2,000 असं तुम्ही पाठवलेल्या एस्टिमेटवर दिसतंय. बंपर प्लॅस्टिकचा, आणि प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्यावर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात, म्हणजे विमा कंपनी देणार 3,000. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 1,000 गेले, 7,000 मिळाले. मजुरीवर काही कापत नाहीत. डिक्कीचा पत्रा बदलायचा असता तर तुमच्या गाडीच्या वयाला लोखंडी पार्टवर 35 टक्के कापले असते, पण तो नुसता ठोकून सरळ करायचाय म्हणून तो विषय येत नाही. झाले 12,000. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेमला सक्तीचे 1,000 रुपये वजा होतात (मोठ्या इंजिनला 2,000). हातात 11,000, तुमच्या खिशातून 5,000.

हे वाचून बऱ्याच जणांना वाटतं चला, अकरा हजार तर सुटले. पण बोनसची शिडी बघा, 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी दरवर्षी एक पायरी वर. तुम्ही आत्ता 45 वर आहात, पुढच्या रिन्यूअलला 50 वर जाणार होतात, क्लेम घेतला की थेट शून्यावर आणि तिथून परत एक-एक पायरी. बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही. तो प्रीमियम बोनस कापायच्या आधी 9,000 आहे असं धरू, तुमचा नेमका आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर सापडेल. मग पहिल्या वर्षी 4,500 जास्त भरावे लागतील, दुसऱ्या वर्षी 2,700, मग 2,250, मग 1,350, मग 450. पाच वर्षांत 11,250. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी जाईल, पण मुद्दा लक्षात आला ना, कंपनीने दिलेले अकरा हजार तुम्ही हप्त्या-हप्त्याने परत करताय आणि वरून 5,000 स्वतःचे घातलेत.

म्हणून माझं स्पष्ट मत, क्लेम करू नका, अंबडला करा. पोराने दिलेले 2,000 धरले तर तुम्हाला 7,500 ला पडतंय. त्याच्याकडून अजून मागायला जाऊ नका असंही वाटतं, पण तो तुमचा निर्णय.

फक्त गॅरेजवाल्याला काम देताना दोन गोष्टी सांगा. एक, बंपर खाली उतरवल्यावर मला फोन कर, मी येऊन बघते. मागून मार बसला की बंपरच्या आतलं लोखंडी बीम आणि बाजूचे ब्रॅकेट वाकलेले असू शकतात, वरून काही दिसत नाही, आणि ते तसेच ठेवून बंपर चढवला तर सहा महिन्यांनी फट पडते, क्लिपा तुटतात. आतलं बरंच काही मोडलेलं निघालं तर सगळा हिशोबच बदलतो, त्यामुळे कंपनीच्या ॲपवर किंवा टोल-फ्रीवर अपघाताची माहिती देऊन ठेवायला उशीर करू नका. क्लेम नंबर मिळाला म्हणजे बोनस गेला असं होत नाही, पैसे घेतले तर जातो. नंतर मागे घ्यायचा ठरला तर क्लेम पैसे न देता बंद केल्याचा मेल मात्र आठवणीने मागून घ्या, रिन्यूअलला तोच कामी येतो.

दुसरी गोष्ट पार्किंग सेन्सरची. जुलै 2019 नंतरच्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत म्हणजे तुमच्या गाडीला आहेतच. रंग मारताना ते काढून ठेवायला सांगा. त्याच्यावर रंगाचा जाड थर बसला की मागे भिंत नसताना पण गाडी बोंबलत राहते आणि मग लोक सेन्सरच बंद करून टाकतात.

आणि तो डाव्या दाराचा ओरखडा. ताई, हे अजिबात करू नका, आणि जो माणूस हे सुचवतो त्याच्याकडे गाडी देताना दहा वेळा विचार करा. मागून आलेल्या धडकेत दाराला आडवा ओरखडा कसा पडेल हे सर्व्हेअरला (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येतो त्याला) एका नजरेत कळतं, जुन्या ओरखड्यात गंज आणि मळ असतो, आणि खोटी माहिती दिली म्हणून खरा क्लेमसुद्धा नाकारायची मुभा कंपनीला मिळते. सही तुमची असते, ॲडव्हायझरची नाही.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून पुढचा फेंडर आणि बंपर गेला. कॅशलेस क्लेम झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिलिव्हरी संध्याकाळी सातला दिली, काउंटरवर दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या, आणि सकाळी उन्हात बघतो तर फेंडर वेगळाच पांढरा दिसतोय. गाडीचा रंग मोत्यासारखी झाक असलेला पांढरा आहे. वर्कशॉप म्हणतं नवीन रंग आहे, महिनाभरात मॅच होईल. सह्या करून बसलोय, आता काही होऊ शकतं का?
(निवृत्त वाचक, नाशिकरोड)

उत्तर : काका, महिनाभर थांबू नका, रंग आपोआप मॅच होत नाही. साधा पांढरा असता तर थोडंफार खपून गेलं असतं पण मोती झाक आणि मेटॅलिक रंगात अंगातच बारीक कण असतात, ते गनच्या दाबाने आणि किती हात मारले त्याने वेगवेगळे बसतात, म्हणून एकच कलर कोड वापरूनही शेजारचा पत्रा वेगळा दिसतो. चांगला पेंटर अशा वेळी नुसता फेंडर रंगवून थांबत नाही, शेजारच्या दारावर रंग हलका-हलका विरवत नेतो आणि मग पूर्ण दारावर क्लिअर कोट मारतो. त्याला ब्लेंडिंग म्हणतात. तुमच्याकडे ते केलेलं नाही असं फोटोवरून तरी वाटतंय. एस्टिमेटमध्ये दाराचा रंग नसेल तर वर्कशॉप म्हणेल सर्व्हेअरने मंजूर केला नाही, पण मग ते तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

तुम्ही सही केलेल्या कागदांत एक सॅटिस्फॅक्शन व्हाउचर असणार. काम समाधानकारक झालं, आता पैसे वर्कशॉपला द्यायला हरकत नाही, असं त्यात असतं. ते सह्या करून गेलं म्हणून खराब कामाबद्दल बोलायचा हक्क संपत नाही. आज सकाळी दहाच्या आत उन्हात उभी करून, थोड्या तिरक्या बाजूने फोटो काढा, वर्कशॉपच्या मॅनेजरला आणि विमा कंपनीला एकाच मेलमध्ये पाठवा, पुन्हा रंगवून द्या आणि शेजारच्या दारावर ब्लेंड करा असं स्पष्ट लिहा. फोनवर बोलू नका, बोललात तर बोलणं झाल्यावर तेच मेलवर टाका. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः एकदा फसलोय. माझ्या गाडीचा पुढचा भाग लागला होता, घाई होती, वर्कशॉप म्हणालं सर्व्हेअर दुपारी येईलच आम्ही तोवर उघडून ठेवतो, आणि मी हो म्हणालो. सर्व्हेअर आला तेव्हा हेडलाईटचे तुटलेले कान आणि वाकलेला ब्रॅकेट वेगळ्या ट्रेमध्ये पडलेले, गाडीवर असतानाचा एकही फोटो नाही. तो म्हणाला हे याच अपघातात तुटलं कशावरून, आणि त्याच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. ते पैसे मी भरले. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, सर्व्हे होईपर्यंत एकही बोल्ट सैल करू देऊ नका, आणि उघडल्यावर आतलं काही निघालं तर तिथेच काम थांबवून सर्व्हेअरला परत बोलवायचं, पुरवणी एस्टिमेट मंजूर झालं की मग पुढे.

डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्यायची, दार-बॉनेट चार वेळा उघडझाप करून फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का बघायच्या आणि ज्या पार्टचे पैसे लागलेत त्याचा बॉक्स किंवा लेबल मागायचं. तुटलेला जुना पार्ट सहसा कंपनीच्या हिशोबात जातो, तो घरी न्यायचा आग्रह धरू नका, बघायला मात्र मागा.

प्रश्न : माझी गाडी भाचा चालवत होता, इंदिरानगरच्या बोगद्याजवळ रिक्षाला घासली. त्याच्याकडे पक्कं लायसन्स आहे. एजंट म्हणतो ड्रायव्हर म्हणून तुमचंच नाव टाका, सोपं जातं. टाकू का?
(वाचक, सिडको)

उत्तर : नाही. विमा गाडीचा आहे, मालकाच्या परवानगीने वैध लायसन्स असलेला कुणीही चालवत असेल तरी चालतं, त्यामुळे खरं नाव टाकून तुमचं काहीच बिघडत नाही, आणि खोटं टाकलं तर चौकातल्या एका कॅमेऱ्याने सगळा क्लेम जाऊ शकतो. तुम्ही लिहिलं नाही पण रिक्षातल्या कुणाला थोडं जरी लागलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे 24 तासांच्या आत पोलिसांना आणि शक्य तितक्या लवकर विमा कंपनीला कळवणं भाच्यावर बंधनकारक आहे. रिक्षावाल्याला कंपनीच्या भरवशावर काही कबूल करू नका, कंपनीला न विचारता भरपाई कबूल करायची नाही अशी अट तुमच्या पॉलिसीतच आहे.

प्रश्न : क्लेम टाकून 26 दिवस झाले. सर्व्हेअर येऊन गेला, वर्कशॉप म्हणतं कंपनीकडे अडकलंय, कंपनी म्हणते वर्कशॉपकडून कागद यायचेत. गाडी तशीच उभी आहे आणि मी रोज सातपूर एमआयडीसीला रिक्षाने जातोय.
(वाचक, पाथर्डी फाटा)

उत्तर : दोघांच्या मध्ये तुमचा चेंडू झालाय आणि हे सगळ्यात जास्त घडतं. जून 2024 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने काढलेल्या परिपत्रकात मुदती ठरलेल्या आहेत. क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. म्हणजे तुमची मुदत उलटून गेलीय. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला क्लेम नंबर टाकून एकच मेल करा, सर्व्हे रिपोर्टची तारीख काय आणि कोणता कागद कुणाकडून बाकी आहे हे लेखी कळवा, एवढंच विचारा, जास्त रागाचं काही लिहू नका. वर्कशॉपला त्याच मेलमध्ये जोडा म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही. बहुतेक वेळा इथेच गाडं हलतं.

नाही हललं तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा 155255 ला फोन करा. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, आपल्या नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, कागद ऑनलाईन पाठवता येतात. कंपनीचा नकार आला की त्या तारखेपासून एका वर्षाच्या आत जायचं असतं, म्हणून नकाराचा मेल डिलीट करू नका. आणि गाडी उघड्यावर उभी असेल तर वर्कशॉपला आजच सांगून फुटलेल्या बाजूला ताडपत्री टाकून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आत पाणी गेल्यावर नंतर त्याचं नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं यावरून परत वेगळं भांडण लागतं.