आधी क्रम, मग भाव

रत्नागिरी

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आई-बाबांना घेऊन करायच्या युरोप-दुबई सहलीसाठी तू पाठवलेले तिन्ही प्रस्ताव मी सावकाश वाचले. एका संकेतस्थळावरचे मुंबई–पॅरिस–मुंबई असे स्वस्त तिकीट, आपल्या इथल्या एजंटाने दिलेली युरोप आणि दुबईची तयार सहल, आणि तुझ्या मैत्रिणीने वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवून दिलेली तिकिटांची मालिका, यांपैकी काय घ्यावे असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की यांपैकी आज काहीही घेऊ नकोस, कारण तिन्ही कागदांवर भाव आहे आणि क्रम एकावरही नाही. मावशीकडे लंडनला किती रात्री राहायचे, दुबई जाताना करायची की येताना, आई-बाबांना पुण्याहून कोण नेणार की ते थेट पावस गावाहून निघणार, यातले काही ठरलेले नसताना सात हजार रुपये कुठे वाचतात हे तू पाहत बसली आहेस. आधी क्रम, मग भाव. हे वाक्य या पत्रात वारंवार येणार आहे आणि ते तुला सहन करावे लागेल.

पॅरिसचे जाण्या-येण्याचे स्वस्त तिकीट घेतलेस तर काय होते ते पाहा. तुम्ही पॅरिसला उतराल, तिथून लंडनला जाल, आणि परतीचे विमान पॅरिसचेच असल्यामुळे पुन्हा फ्रान्समध्ये शिराल. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. म्हणजे लंडनला जाणे हे शेंगेनमधून बाहेर पडणे आणि परत येणे हा दुसरा प्रवेश. व्हिसावर एकच प्रवेश मंजूर झालेला असेल तर तुमची अडवणूक लंडनमध्येच होईल, कारण पॅरिसला जाणाऱ्या गाडीची फ्रेंच तपासणी सेंट पँक्रस स्थानकावर, गाडीत बसण्यापूर्वीच होते. हे सांभाळले तरी स्वित्झर्लंड आणि रोम पाहून झाल्यावर केवळ विमान पकडण्यासाठी साठी उलटलेल्या आई-बाबांना पुन्हा पॅरिसपर्यंत ओढत न्यावे लागेल. त्या एका फेरीत तुझे सात हजार केव्हाच संपतील.

आता क्रम लाव. मुंबईहून लंडनला उतरावे. तिथून रेल्वेने पॅरिस, म्हणजे सव्वादोन तासांचा प्रवास. पॅरिसहून रेल्वेनेच बासेलमार्गे लुसर्न, लुसर्नहून मिलानमार्गे रोम, आणि रोमहून दुबईला दोन रात्री थांबून मुंबई. नकाशावर बोट ठेवलेस तर ते कुठेही मागे फिरत नाही. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याच्या या तिकिटाला एजंट मंडळी ओपन जॉ म्हणतात आणि संकेतस्थळावर ते मल्टी-सिटी या रकान्यात मिळते. जाणे, येणे आणि दुबईचा थांबा हे सारे एकाच पीएनआरवर असू दे. पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले, तर एका तिकिटावर असलेल्या प्रवाशाला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. वेगवेगळ्या तिकिटांवर असलेला प्रवासी मात्र 'गैरहजर' ठरतो आणि त्या तिकिटावरचे पुढचे टप्पेही रद्द होतात. तुझ्या मैत्रिणीच्या मालिकेतला दोष नेमका हाच आहे.

बाबांना तो लुसर्न–मिलानचा टप्पा दिवसा मिळेल असे पाहा. कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचे कौतुक त्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकले आहे. या टप्प्यावरचा गोटहार्डचा पायथ्याचा बोगदा ५७ किलोमीटरांचा आहे.

क्रमाची पहिली ओळ मात्र विमानतळावर लिहिली जात नाही, घरात लिहिली जाते. एप्रिल-मे महिन्यांत बाबा आंब्याच्या बागेतून हलणार नाहीत. जूनमध्ये पेरणी, मग गणपती, त्यानंतर म्हाळ, त्यानंतर घट. राहिले ते दसरा आणि दिवाळी यांच्यामधले तीन आठवडे, तेही भातकापणी गड्यांवर सोपवली तर. या काळात युरोपात दिवस लहान होत जातो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा त्या रविवारी कोणतीही गाडी किंवा विमान ठेवू नये. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर इतर रविवारी बंद असतात. वार पाहून रात्री वाटल्या नाहीत तर रोमला जाऊन बंद दार पाहण्याची पाळी येते, आणि तेव्हा हॉटेल स्वस्त मिळाल्याचा आनंद कुणालाही होत नाही.

व्हिसाचा प्रश्न तू शेवटी ठेवला आहेस; तो खरे तर रात्रींच्या हिशेबाला चिकटलेला आहे. शेंगेनचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करायचा असतो, आणि मुक्काम सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. पॅरिसला तीन, लुसर्नला तीन आणि रोमला तीन रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडे जातो. लुसर्नला एक रात्र वाढवलीस की तोच अर्ज स्वित्झर्लंडकडे जायला हवा. म्हणजे रात्री ठरल्याशिवाय कोणत्या वकिलातीचे दार ठोठवायचे हेच कळत नाही. आता तरी पटते का? शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही. यावरून व्हिसांचाही क्रम आपोआप लागतो. आंब्याचा हंगाम आटोपला की जूनमध्ये शेंगेन, पासपोर्ट हातात परत आल्यावर जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये ब्रिटन, आणि दुबईचा व्हिसा सर्वांत शेवटी. बोटांचे ठसे देण्यासाठी आई-बाबांना मुंबईला जावे लागेल, तेही भर पावसात रात्रीच्या गाडीने. त्या खेपा वाढू नयेत म्हणून तरी हा क्रम पाळ.

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्या इथल्या एजंटाचा खरा उपयोग आहे, आणि यावरून तुझ्या पिढीशी माझे जुने भांडण आहे. माझा मुलगाही मला हसतो. फोनवर दहा मिनिटांत होणाऱ्या कामासाठी बाबा एसटी स्टँडजवळच्या त्या कार्यालयात जाऊन अर्धा तास बसतात, असे तो म्हणतो. बसतो, आणि बसणार. तुझ्या बाबांचे उत्पन्न बागेचे आहे, ते शेतीचे म्हणून करमुक्त आहे, आणि त्यांनी आयकर विवरणपत्र कधी भरलेले नाही. पगाराच्या चिठ्ठ्यांचा रकाना असलेल्या कोणत्याही संकेतस्थळाला हे समजावून सांगता येत नाही. आपल्या एजंटाला सातबारा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वाशीच्या दलालाकडून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, तुझे हमीपत्र आणि तुझ्या पगाराच्या चिठ्ठ्या यांची जुळणी कशी करायची आणि मराठी कागदांचे भाषांतर कुठून करून घ्यायचे हे तो जाणतो. आखाती देशांत जाणाऱ्या आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांची तिकिटे अशाच लहान कार्यालयांतून निघाली आहेत. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने तिकीट एकीकडून, हॉटेले दुसरीकडून आणि गाड्या तिसरीकडून घेतल्या. विमानाची वेळ बदलल्यावर तिघांनीही हात वर केले आणि रात्री दोन वाजता दूरध्वनी उचलणारा माणूस त्यांच्याकडे कुणीच नव्हता.

परंतु एजंटाच्या हातात क्रम देऊ नकोस. त्याने तुला दिलेली तयार सहल पन्नास माणसांच्या बससाठी आखलेली आहे, तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी नव्हे. शिमग्यात पालखी कोणत्या घरी कधी जाणार हे गावकऱ्यांनी आधी ठरवलेले असते, ढोलवाल्याने नव्हे. ढोलवाला कितीही चांगला असला तरी. तू स्वतः एका कोऱ्या कागदावर तारीख, वार, शहर आणि रात्री लिहून ने आणि त्याला सांग की याच क्रमाने भाव दे. तो म्हणेल की पॅरिसमार्गे केले तर स्वस्त पडेल. पडू दे. आधी क्रम, मग भाव. स्विस गाड्यांविषयी त्याला फारसे ठाऊक नसण्याची शक्यता आहे. त्याबद्दल त्याला कमी लेखू नकोस, तेवढे आरक्षण मुंबईच्या मोठ्या एजंटाकडून आणून देण्यास सांग. लहान एजंट अनेकदा तिकीटही तसेच आणतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ते विचारून ठेव, कारण तिकीट रद्द झाले तर परतावा त्याच वाटेने, म्हणजे एजंटाच्या मार्फत, येतो.

भावाचा कागद लेखी घे आणि त्यात तिकीट, हॉटेल, व्हिसा शुल्क, त्याचा मेहनताना, जीएसटी आणि टीसीएस (एजंटाने विक्रीच्या वेळीच वसूल करायचा आयकर) हे वेगवेगळे लिहून घे. शेंगेनचे शुल्क प्रौढ व्यक्तीला ९० युरो आहे, त्याखेरीज अर्ज केंद्राचे सेवाशुल्क. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आईच्या रक्तदाबाचा उल्लेख त्यात लपवू नये. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट जो टीसीएस कापतो तो खर्च नसून आगाऊ कर आहे, पण तो ज्याच्या पॅनवर कापला जाईल त्याने विवरणपत्र भरले तरच परत मिळतो. म्हणून पैसे तुझ्या खात्यातून आणि पावती तुझ्या पॅनवर. व्हिसा हाती येण्यापूर्वी रद्द न होणारे तिकीट घेऊ नये, आणि केवळ अर्जापुरते हॉटेल दाखवून मागाहून ते काढून टाकण्याची युक्ती कुणी सुचवली तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. अर्जात लिहिलेला क्रम आणि प्रत्यक्ष प्रवासाचा क्रम एकच असावा. शेंगेनच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने ठसे आणि छायाचित्र घेऊन येण्याजाण्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे. रांगेत वेळ लागतो, तेव्हा सेंट पँक्रसला गाडीच्या बऱ्याच आधी पोहोचा.

आता एक गोष्ट जी मी सहसा लिहीत नाही. आम्ही युरोपला गेलो तेव्हा तुझ्या काकूला व्हेनिस पाहायचे होते आणि मी नाही म्हणालो. व्हेनिस आमच्या वाटेपासून पूर्वेला बाजूला पडत होते. त्यासाठी लुसर्नची एक रात्र काढावी लागली असती, इटलीच्या रात्री फ्रान्सहून जास्त झाल्या असत्या आणि फ्रान्सकडे केलेला अर्ज खोटा ठरला असता. माझा निर्णय बरोबर होता. आजही दूरचित्रवाणीवर ते पाण्यातले शहर दिसले की काकू काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जाते, आणि मला वाईट वाटते. तरीही निर्णय बरोबरच होता, कारण तिने ते तिकिटे निघाल्यावर सांगितले. मुलगा म्हणतो की तुम्ही तिला आधी विचारलेच नव्हते. विचारले होते. 'तुम्ही न्याल तिथे,' असे ती म्हणाली होती आणि मी ते उत्तर मानले. तुझी आईही अगदी हेच म्हणेल. ते मानू नकोस. पुढच्या वेळी पावसला जाशील तेव्हा तिच्यासमोर नकाशा उघडून बस, तिला काय पाहायचे आहे ते काढून घे, आणि मगच कागदावर क्रम लिही. एकदा लिहिलास की मग मावशी, मामा, शेजारी कुणीही एखादे शहर सुचवो, तो हलवू नकोस.

पावस ते मुंबई हा टप्पाही क्रमातच धर. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालते, महामार्गाचा भरवसा नाही, आणि रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेव. विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा, त्याच दिवशी पोहोचण्याचे धाडस करू नये. नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले आहे, तेव्हा तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून भागत नाही. कोणते विमानतळ ते तपासून त्यानुसार पनवेलला उतरायचे की पुढे जायचे ते ठरव.

आणखी एक काम तातडीचे आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या, म्हणजे नाव एकाच शब्दाचे आणि आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला आहे, आणि आपल्या भागातल्या कित्येक बायकांचे जुने पासपोर्ट नेमके तसेच निघतात. आईचा पासपोर्ट तसा असेल तर तो बदलून घेणे हे सर्व अर्जांच्या आधीचे काम आहे, नाहीतर जूनचा अर्ज लांबणीवर पडेल आणि ब्रिटनचाही. तिच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मला आज रात्रीपर्यंत पाठव. मी उद्या सकाळी एजंटाकडे जाणारच आहे.

तुझा,
काका